नवी आवृत्ती चढवली, तरी काहींना जुनेच पान दिसते : ब्राउझर कॅशेच्या तक्रारीचे निवारण

वेब ॲप्लिकेशनची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली जाते, चाचणी करणाऱ्याच्या संगणकावर ती व्यवस्थित दिसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू होतात. कोणाला कालचेच पान दिसत असते, कोणाला नुसता पांढरा पडदा दिसतो, आणि सर्वांत त्रासदायक असा तिसरा प्रकार म्हणजे अर्ज नवा दिसतो, पण त्यामागची आकडेमोड जुन्याच सूत्राने होते. तक्रार सगळ्यांची नसते, काही जणांचीच असते. चार-आठ दिवसांत ती आपोआप विरते आणि पुढची आवृत्ती आली की पुन्हा डोके वर काढते.

मी ज्या ॲप्लिकेशनवर काम करतो ते एका सहकारी पतसंस्थेच्या शाखांमध्ये चालते. तेथे काउंटरवरचा ब्राउझर सोमवारी उघडला की शनिवारपर्यंत त्याच टॅबवर काम चालते. रात्री संगणक बंद होत नाही, फक्त पडदा काळा होतो. एका आवृत्तीत आम्ही दंडव्याजाची आकारणी बदलली आणि दोन शाखांनी पुढचे तीन दिवस जुन्याच दराने पावत्या छापल्या. (ही आकडेमोड मुळात ब्राउझरमध्ये का होती, हा प्रश्न रास्त आहे, ती चूक आमचीच होती आणि आता ती सर्व्हरवर हलवली आहे.) तोपर्यंत आमचे ठरलेले उत्तर ‘कॅश क्लिअर करा’ हे असे. पतसंस्थेच्या रोखपालाला हे वाक्य फोनवर ऐकवले की तो क्षणभर गप्प का होतो, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. म्हणून या टिपणात मी सगळीकडे ‘कॅशे’ असेच लिहिले आहे. कॅशे म्हणजे एकदा मागवलेल्या फाइली पुन्हा वापरण्यासाठी ब्राउझर (किंवा मधला एखादा सर्व्हर) जपून ठेवतो तो साठा.

गंमत बाजूला ठेवली तरी त्या उत्तरात खरा दोष वेगळाच आहे. कॅशे साफ केला की तक्रार मिटते, पण ती कशामुळे आली होती याचा पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो. ब्राउझर आपल्या मनाने जुने पान दाखवत नाही. आपल्या सर्व्हरने त्याला कधीतरी जे सांगितले, किंवा सांगायचे राहून गेले, त्यानुसारच तो वागतो. तेव्हा ज्या संगणकावर जुने पान दिसते आहे, तो संगणक आहे त्या अवस्थेत पाहायला मिळणे हीच निदानाची सर्वांत मोठी संधी असते.

जुने उत्तर कोणी दिले?

त्या संगणकावर एक नवा कोरा टॅब उघडावा, त्यात आधी डेव्हलपर टूल्स (ब्राउझरमधलीच तपासणीची साधने) उघडून ‘नेटवर्क’ हा भाग समोर ठेवावा आणि मगच पत्ता टाइप करावा. रीलोडचे बटण दाबू नये, कारण रीलोड म्हणजे साधी भेट नव्हे. रीलोड करताना ब्राउझर मुख्य पानाबद्दल सर्व्हरला मुद्दाम विचारतो, आणि क्रोमच्या ५४व्या आवृत्तीपासून पानाला जोडलेल्या बाकीच्या फाइली मात्र नेहमीच्याच नियमाने कॅशेतून घेतो. म्हणजे रीलोड करून जे दिसते ते वापरकर्त्याला दिसलेले नसते. ‘डिसेबल कॅशे’ या चौकटीतली खूणही काढलेली असावी. ही चौकट टूल्स उघडी असेपर्यंतच लागू असते, आणि बहुतेक विकसक ती कायमची खूण करून ठेवतात. आपल्याकडे तक्रार कधीच का दिसत नाही, याचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

आता प्रत्येक फाइलीसमोरचा ‘साइझ’ हा रकाना वाचावा. तेथे ‘डिस्क कॅशे’ किंवा ‘मेमरी कॅशे’ असे लिहिले असेल तर ब्राउझरने सर्व्हरला काही विचारलेलेच नाही. ‘सर्व्हिस वर्कर’ असे असेल तर प्रकरण वेगळे आहे, त्याकडे पुढे वळू. स्टेटसच्या रकान्यात ३०४ असेल तर ब्राउझरने विचारले आणि सर्व्हरनेच ‘काही बदललेले नाही’ असे सांगितले. उत्तराच्या हेडरांत (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळींत) ‘एज’ आढळला तर ते उत्तर मूळ सर्व्हरचे नसून मधल्या एखाद्या सामाईक कॅशेचे, बहुधा सीडीएनचे (फाइलींच्या प्रती ठिकठिकाणी ठेवून वाटणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याचे) आहे, आणि किती सेकंदांपासून ते तेथे पडून आहे तेही कळते. ‘डेट’ हा हेडर सहसा कोणी पाहत नाही. कॅशेतून आलेल्या उत्तरात तो मूळ उत्तर तयार झाल्याची वेळ दाखवतो, त्यामुळे जुने पान नेमके कोणत्या दिवशीचे आहे ते लगेच समजते.

त्याच संगणकावरून कर्लने (आज्ञा लिहून पत्ता मागवणाऱ्या साधनाने) तोच पत्ता मागवून पाहावा. विंडोज १० मध्ये २०१८ पासून कर्ल आयतेच असते. कर्लला ब्राउझरचा कॅशे नसतो. तेव्हा कर्ललाही जुनेच पान मिळाले तर दोष ब्राउझरच्या पलीकडे आहे आणि पुढचा शोध सीडीएन, प्रॉक्सी (मधला मध्यस्थ सर्व्हर) किंवा नवी आवृत्ती न पोहोचलेला एखादा सर्व्हर या दिशेने न्यावा.

काहीच न सांगणे हेही सांगणेच असते

आमच्या शाखेत मुख्य पानासमोर ‘डिस्क कॅशे’ असे होते आणि हेडरांत ‘कॅशे-कंट्रोल’ (साठवलेले उत्तर कसे व किती काळ वापरावे हे सांगणारा हेडर) नव्हताच. आपण काही सांगितले नाही तर ब्राउझर दरवेळी विचारेल, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात मुदत सांगितलेली नसेल तर ब्राउझरला ती अंदाजाने ठरवण्याची मुभा आहे. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९१११ या एचटीटीपी कॅशेच्या मानकात ही मुभा स्पष्ट दिली आहे, आणि फाइल शेवटची बदलल्यापासून जितका काळ लोटला असेल त्याच्या १० टक्के इतकी मुदत धरण्याची प्रचलित पद्धतही तेथे नोंदवली आहे.

याचा परिणाम उलटा असतो. समजा, मुख्य पान १ एप्रिलला शेवटचे बदलले आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ते १० जुलैला उघडले. मध्ये १०० दिवस गेले, म्हणून ब्राउझर ते पान १० दिवस, म्हणजे २० जुलैपर्यंत, न विचारता वापरू शकतो. आपण ११ जुलैला नवी आवृत्ती चढवली तर त्याला ती नऊ दिवस दिसणार नाही. शेजारच्या शाखेत तेच पान कोणी ११ तारखेला दुपारी पहिल्यांदा उघडले तर त्याला नवे दिसेल. रोज नवी आवृत्ती चढवणाऱ्या संघाला हा त्रास फारसा जाणवत नाही. जे तीन महिन्यांतून एकदा, सगळी तयारी करून, सावधपणे आवृत्ती काढतात त्यांनाच तो सर्वाधिक होतो. ‘काही जणांनाच का आणि आपोआप बरे कसे होते’ या कोड्याचा उलगडा आमच्यापुरता एवढाच होता.

यावरचा उपाय म्हणजे फाइलींचे दोन वर्ग पाडणे. ज्या फाइलीचा पत्ता कायम तोच राहतो, म्हणजे मुख्य एचटीएमएल पान, तिला ‘कॅशे-कंट्रोल: नो-कॅशे’ द्यावे. या नावाने अनेकांना फसवले आहे: नो-कॅशे म्हणजे साठवू नको असे नव्हे, तर साठव, पण वापरण्यापूर्वी दरवेळी विचार. साठवूच नको हे सांगण्यासाठी ‘नो-स्टोअर’ आहे आणि ते खातेउताऱ्यासारख्या खासगी मजकुरासाठी राखून ठेवावे. काही ठिकाणी नो-कॅशे, नो-स्टोअर, मस्ट-रीव्हॅलिडेट, प्राग्मा आणि शून्य तारखेचा एक्स्पायर्स अशी सगळी माळ एकत्र ओवलेली दिसते. तो ताईत आहे. बांधल्याने अपाय होत नाही, पण बांधणाऱ्याला नेमके काय हवे होते ते पुढच्या माणसाला कधीच कळत नाही.

दुसरा वर्ग म्हणजे ज्यांच्या नावातच मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली, तो बदलला की बदलणारी अक्षरांची खूण) असतो अशा जावास्क्रिप्ट व सीएसएस फाइली. वेबपॅक आणि वीट ही फाइली जुळवून देणारी दोन्ही साधने अशी नावे देतात. (‘वीट’ हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ ‘लवकर’ असा आहे, मराठी वाचकाने दुसरा अर्थ मनात आणू नये.) मजकूर बदलला की नाव बदलते, म्हणून त्यांना ३१५३६००० सेकंदांची, म्हणजे एका वर्षाची, मुदत निर्धास्तपणे द्यावी आणि सोबत ‘इम्यूटेबल’ (कधीच न बदलणारी) लिहावे.

नावात हॅश न घालता पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन आवृत्तीचा क्रमांक जोडण्याची जुनी पद्धत मी टाळतो. दोन सर्व्हर असतील आणि नवी आवृत्ती आधी एकावर पोहोचली असेल, तर नवे पान क्रमांक २ ची फाइल मागते, ती मागणी जुन्या सर्व्हरकडे जाते, आणि तो प्रश्नचिन्हापुढचा मजकूर न बघता जुनीच फाइल देऊन टाकतो. मध्ये सीडीएन असेल तर ती जुनी फाइल आता क्रमांक २ या नव्या नावाने सर्वांना वाटली जाते. नावातच हॅश असता तर जुन्या सर्व्हरकडे ती फाइल सापडलीच नसती आणि चूक निदान उघड झाली असती.

एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. त्यातील ‘ॲड-हेडर’ ही सूचना बाहेरच्या विभागातून आतल्या विभागात उतरते खरी, पण आतल्या विभागात स्वतःची एकही ‘ॲड-हेडर’ नसेल तरच. कोणीतरी सुरक्षेसाठी आत एक हेडर जोडतो आणि बाहेर लिहिलेला कॅशे-कंट्रोल तेथून मुकाट्याने नाहीसा होतो. म्हणून कॉन्फिगरेशन वाचून समाधान मानू नये, कर्लने प्रत्यक्ष उत्तर पाहावे.

सर्व्हरच ३०४ म्हणतो तेव्हा

वरील दुरुस्तीनंतर काही महिने शांतता होती. मग एका आवृत्तीनंतर पुन्हा जुने पान दिसू लागले, आणि या वेळी हेडर अगदी बरोबर होते. ब्राउझर दरवेळी विचारत होता आणि सर्व्हर दरवेळी ३०४ देत होता. सर्व्हरवरची फाइल उघडून पाहिली तर ती नवीच होती. या प्रकाराने आमचे दोन दिवस खाल्ले.

एन्जिनएक्स फाइलीचा ईटॅग (ब्राउझरकडची प्रत तीच आहे का हे ताडण्याची खूण) तिच्या मजकुरावरून काढत नाही. शेवटच्या बदलाची वेळ आणि बाइट्समधला आकार हे दोन आकडे तो षोडशमान पद्धतीने लिहून मध्ये आडवी रेघ देतो, एवढाच तो ईटॅग. एरवी हे पुरते. पण मधल्या काळात आम्ही बिल्डची (कोडवरून तयार फाइली बनवण्याची) पद्धत बदलली होती, आणि तोच कोड दोनदा बिल्ड केला तर तंतोतंत तीच फाइल मिळावी, म्हणून नव्या पद्धतीत सर्व फाइलींना एकच ठरावीक वेळ दिली जात होती: १ जानेवारी १९७०. वेळ अशी गोठली. राहिला आकार. मुख्य पानात दर आवृत्तीला बदलते ते फक्त जावास्क्रिप्ट फाइलीचे नाव, आणि त्या नावातला हॅश नेहमी आठच अक्षरांचा असतो. आठ अक्षरे जाऊन दुसरी आठ आली, आकार एका बाइटनेही बदलला नाही, आणि ईटॅग जसाच्या तसा राहिला. सर्व्हरच्या दृष्टीने खरोखरच काही बदललेले नव्हते. ‘लास्ट-मॉडिफाइड’वरून तुलना केली तरी तीच गोठलेली वेळ पुढे येत होती, त्यामुळे दुसरा साक्षीदारही तीच खोटी साक्ष देत होता.

हेच आमच्या पहिल्या, हेडर नसलेल्या काळात घडले असते तर आणखी बिकट झाले असते: १९७० पासूनच्या काळाचे १० टक्के म्हणजे पाच वर्षांहून अधिक. फायरफॉक्स अंदाजाच्या मुदतीला एका आठवड्याची मर्यादा घालतो, पण ब्राउझरच्या अशा भलेपणावर विसंबून राहता येत नाही.

इलाज साधा निघाला. फाइली सर्व्हरवर ठेवण्याच्या शेवटच्या पायरीत मुख्य पानाला ‘टच’ या आज्ञेने चालू वेळ द्यायची. दोन सर्व्हरांवर ही वेळ काही सेकंदांनी वेगळी पडते, त्यामुळे ईटॅगही वेगळे होतात आणि काही वेळा ३०४ ऐवजी पूर्ण पान पाठवावे लागते. पण मुख्य पान दोन-तीन किलोबाइटचे असेल तर हा तोटा मोजण्यासारखा नाही. ज्यांना तेवढेही नको असेल त्यांनी ईटॅग मजकुराच्या हॅशवरून तयार करावा.

पांढरा पडदा

ही तक्रार कॅशेची वाटते, पण तिचे मूळ सर्व्हरवरची साफसफाई असते. काउंटरवरचा टॅब सोमवारपासून उघडा आहे, त्यात जुने पान चालू आहे, आणि बुधवारी आपण नवी आवृत्ती चढवताना जुन्या फाइली पुसून टाकतो. गुरुवारी कर्मचारी ‘अहवाल’ या भागावर प्रथमच क्लिक करतो. जुने पान अहवालाची जुन्या हॅशची फाइल मागते आणि ती आता अस्तित्वात नसते. येथे ४०४ (‘सापडले नाही’) मिळाले असते तरी बरे होते. पण एकपानी ॲप्लिकेशनांत न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला मुख्य पान द्यावे असा सर्वसाधारण नियम लिहिलेला असतो, त्यामुळे जावास्क्रिप्टच्या नावाखाली २०० (‘सगळे ठीक’) या स्टेटससह एचटीएमएल येते. ब्राउझर पहिल्याच कोनी कंसाला अडखळतो आणि कन्सोलमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ची चूक दिसते, फाइल मॉड्यूल असेल तर माइम प्रकार (फाइल कोणत्या जातीची ते सांगणारी नोंद) चुकीचा म्हणून ती नाकारली जाते. याहून वाईट म्हणजे त्या फोल्डरला वर्षभराची मुदत लावलेली असल्याने हे भलतेच उत्तर त्या नावाने वर्षभरासाठी साठवले जाऊ शकते. पुढे ती फाइल परत आणून ठेवली, तरी त्या ब्राउझरला तिचा पत्ता लागत नाही.

म्हणून हॅश असलेल्या फाइलींच्या फोल्डरला तो सर्वसाधारण नियम लागू करू नये. तेथे न सापडलेल्या फाइलीला ४०४ च मिळावे. एन्जिनएक्सची ‘ॲड-हेडर’ सूचना, शेवटी ‘ऑलवेज’ हा शब्द मुद्दाम लिहिला नसेल तर, ४०४ च्या उत्तराला लागूच होत नाही, त्यामुळे वर्षभराची मुदत चुकीच्या उत्तराला चिकटण्याची भीती राहत नाही. चढवताना क्रमही पाळावा: आधी नव्या फाइली, त्या सर्व सर्व्हरांवर पोहोचल्यावर मुख्य पान. जुन्या फाइली लगेच पुसू नयेत. आम्ही मागच्या पाच आवृत्त्यांच्या ठेवतो, आणि डिस्कची जागा गेल्याची तक्रार अजून कोणी केलेली नाही. एवढे करूनही फाइल मिळाली नाहीच तर पान आपोआप एकदा रीलोड व्हावे, मात्र तसे केल्याची खूण सेशन स्टोरेजमध्ये (टॅब बंद होईपर्यंत टिकणाऱ्या साठ्यात) ठेवावी. नाहीतर खरोखरच नेटवर्क गेलेले असताना पान अखंड रीलोड होत राहते. अशा चुकीची सूचना देण्यासाठी वीटमध्ये ‘प्रीलोड-एरर’ नावाची घटना आहे.

सर्व्हिस वर्कर

साइझच्या रकान्यात ‘सर्व्हिस वर्कर’ असे दिसले तर वरचे हेडर पाहण्यात वेळ घालवू नये. सर्व्हिस वर्कर म्हणजे ब्राउझरमध्ये पाठीमागे चालणारी, पानाच्या मागण्यांना स्वतः उत्तर देऊ शकणारी स्क्रिप्ट. नवा वर्कर आला तरी तो ताटकळत थांबतो, आणि जुन्या वर्करवर चालणारा शेवटचा टॅब बंद होईपर्यंत सूत्रे हाती घेत नाही. एकाच टॅबचे रीलोड त्यासाठी पुरेसे नसते. आठवडाभर टॅब उघडा ठेवणाऱ्या शाखेत याचा अर्थ आठवडाभर जुनी आवृत्ती असाच होतो. ‘स्किप-वेटिंग’ने त्याला लगेच पुढे ढकलता येते, पण मग जुने पान आणि नवा वर्कर अशी जोडी जमते, आणि सुरुवातीला सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या तक्रारींचा हाही एक उगम आहे. आम्ही पानाच्या वर ‘नवी आवृत्ती आली आहे’ अशी पट्टी दाखवतो आणि कर्मचाऱ्याने तिच्यावर क्लिक केल्यावरच वर्कर बदलून पान रीलोड करतो. अर्धवट भरलेली भरणा-पावती आपण होऊन उडवून लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सर्व्हिस वर्कर नकोच असेल तर त्याची फाइल सर्व्हरवरून काढून टाकणे हा उपाय नव्हे. अद्ययावत फाइल मागताना ४०४ मिळाले तर ब्राउझर आधीचा वर्कर तसाच चालू ठेवतो. त्याच पत्त्यावर दुसरी छोटी फाइल ठेवावी लागते, जी थांबत नाही, साठवलेले सगळे पुसते, स्वतःची नोंदणी रद्द करते आणि उघडी पाने रीलोड करते. ही फाइल पुढे बराच काळ तेथेच राहू द्यावी. सहा महिन्यांनी ॲप्लिकेशन उघडणारा माणूसही असतो.

आधीच अडकलेल्यांचे काय?

हेडर दुरुस्त केल्याने भविष्य सुधारते. ज्या ब्राउझरला पूर्वी चुकून मुख्य पानावर वर्षभराची मुदत मिळाली आहे, तो नवा हेडर वाचायला सर्व्हरकडे येतच नाही. अशा वेळी जुने पानही डेटासाठी एपीआयला (सर्व्हरवरच्या माहिती देणाऱ्या पत्त्याला) हाक मारत असते, या गोष्टीचा फायदा घेता येतो. त्या उत्तरासोबत ‘क्लिअर-साइट-डेटा’ हा हेडर ‘कॅशे’ या मूल्यासह पाठवला तर ब्राउझर त्या साइटचा कॅशे पुसतो. हा हेडर फक्त एचटीटीपीएसवर चालतो, आणि मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेले नसेल तर दुर्लक्षिला जातो. तो प्रत्येक उत्तराला लावू नये. लॉगिनच्या उत्तराला काही आठवडे लावून मग काढून टाकावा. हे जमण्यासारखे नसेल तर ॲप्लिकेशनचा पत्ता बदलणे एवढाच मार्ग उरतो.

कायमचे म्हणून दिलेले ३०१ चे पुनर्निर्देशनही (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणेही) असेच चिवट असते. पत्ता पुन्हा बदलण्याची जराशी शक्यता असेल तर ३०२, म्हणजे तात्पुरते, द्यावे.

आता आमच्याकडे प्रत्येक आवृत्तीची तपासणी दोन संगणकांवर होते. एकावर नेहमीप्रमाणे नवे पान उघडले जाते. दुसऱ्यावर मागच्या आवृत्तीच्या दिवशी उघडलेला टॅब तसाच ठेवलेला असतो. त्याला कोणी रीलोड करत नाही आणि त्यावरच्या डेव्हलपर टूल्सना कोणी हात लावत नाही. नवी आवृत्ती चढली की आधी त्या शिळ्या टॅबमध्ये न उघडलेला एखादा भाग उघडून पाहिला जातो, पट्टी येते का ते पाहिले जाते, आणि तिच्यावर क्लिक केल्यानंतर तळाशी दिसणारा आवृत्तीचा क्रमांक बदलला तरच शाखांना कळवले जाते.